माग आणि टाळ

"साहेब, माझे बावीस टाळकरी कुठं गेले?"

सोपानराव खवरे दारात उभे होते. हातात हेडफोन, वायर पायाशी लोळत आलेली, आणि चेहरा असा की बावीस माणसं मीच कुठल्या तरी खोलीत कोंडून वर कुलूप घातलंय.

"कुठले टाळकरी, सोपानराव?"

"दत्तूबुवांचे. टेप एकशे एकतीस. काल साफ केली, आज ऐकाय बसलो तर बुवा एकटेच. मागं कोन न्हाई. माळावर उभं राहून कीर्तन करावं तसं चाललंय."

मी त्यांच्या खुर्चीत बसून हेडफोन कानाला लावला. दत्तूबुवांचा आवाज घासूनपुसून ठेवल्यासारखा लख्ख येत होता. मृदंगही अधूनमधून होता. पण चरण संपला, बुवा थांबले, की मागून टाळांचा जो लोंढा यायला हवा, तिथं काहीच नव्हतं. बुवा कुणाची तरी वाट बघत थांबायचे आणि कुणी आलं नाही म्हणून आपले आपणच पुढे जायचे.

कारण मला लगेच कळलं. सांगायची हिंमत होईना.

"हेर्लेकर," कॅसेटच्या कपाटापलीकडून कुमुदताई बेडकिहाळांचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, टेप नीट बसवली होती का ते आधी बघा."

"साहेब, त्यांना म्हणावं, टेपा बसवून बसवून माझी बोटं झिजली."

दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. मध्ये एक कपाट होतं, आणि नऊ वर्षांचा अबोला.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. इचलकरंजीत श्रवणसेवा न्यास नावाची आमची छोटीशी संस्था होती. दोन टेबलं, एक कपाट आणि चौदाशे कॅसेट. गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या देवळांत झालेली चाळीस वर्षांची कीर्तनं कुणीकुणी हौसेनं टेप करून ठेवली होती, ती संगणकावर घ्यायची, त्यांची खरखर काढायची आणि लोकांना ऐकायला खुली करायची, एवढंच न्यासाचं काम. मी कोल्हापूरला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचो. पण कीर्तन म्हटलं की माझं भान सुटतं. देवळातून पेटीचा पहिला सूर कानावर आला की घरून काय आणायला निघालो होतो ते मी विसरतो. बायकोनं त्यावर उपाय म्हणून देवळावरून जाणाऱ्या रस्त्यानं मला पाठवणंच बंद केलं आहे. त्यामुळे न्यासानं विचारल्यावर मी पाच महिन्यांची बिनपगारी रजा काढून हजर झालो.

न्यासाचे विभाग दोन. कुमुदताईंकडे नारदीय कीर्तनं. एकच कीर्तनकार, साथीला पेटी-तबला, आधी पूर्वरंगात निरूपण आणि मग उत्तररंगात रंगलेलं आख्यान. सोपानरावांकडे वारकरी कीर्तनं. पुढे बुवा, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी, मृदंग, आणि मागे टाळकऱ्यांची रांगच्या रांग. मला दोन्ही सारखीच प्रिय. या दोघांचं मात्र तसं नव्हतं.

भांडणाचं मूळ एका हनुमान जयंतीच्या उत्सवात होतं. नारदीय कीर्तन ठरल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं लांबलं. बाहेर वारकरी मंडळी टाळ-वीणा गळ्यात घालून ताटकळत उभी. शेवटी सोपानरावांनी सरळ जाऊन माइकची पिन उपटली. आत आख्यान अगदी ऐन रंगात होतं.

"उत्तररंगात माइक काढला हो!" कुमुदताई हे सांगताना अजून कानावर हात ठेवायच्या. "देवाच्या नैवेद्याचं ताट ओढून घ्यावं तसं."

"चाळीस मिण्टं," सोपानराव म्हणायचे. "आमची मानसं उपाशी. त्यांचं आख्यान काय पळून चाललं हुतं?"

तर प्रोग्रॅम दोघांनाही हवा होता, पण एकमेकांचा नको होता. "त्यांच्यात माझं काही मिसळू नका," हे दोघांनी मला पहिल्याच दिवशी वेगवेगळं सांगितलं, आणि शब्दही जवळजवळ तेच.

मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. त्याला ना चित्रं, ना बटणं. काळा पडदा आणि त्यावर टाईप करायच्या कमांड. आधी गटाचं नाव लिहायचं, मग कमांडचं, मग टेपचा नंबर. कुमुदताई लिहायच्या 'नारदी साफ २१४'. सोपानराव लिहायचे 'वारकरी साफ १३१'. साफ म्हणजे खरखर काढणे, तोड म्हणजे लांब टेपचे भाग पाडणे, नाव म्हणजे कीर्तनकाराचं नाव आणि तारीख लावणे, चढव म्हणजे लोकांसाठी खुली करणे. कामं चारच, आणि दोन्हीकडे तीच. मग ती दोनदा कशाला लिहायची? मी प्रत्येक कमांड एकदाच लिहिली आणि दोन्ही गटांत तिचं नाव नोंदवून टाकलं. त्याला एकेक ओळ पुरते. बाहेरून बघणाऱ्याला दोन घरं दिसतात. आत चूल एकच.

हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही.

"माझी साफ बघा," कुमुदताई म्हणायच्या, "सावकाश करते, पण निगुतीनं. पलीकडची नुसती उरकते."

"आमची साफ म्हंजे साफ," सोपानराव म्हणायचे. "पल्याडची जरा नाजूक हाय. तिला जुनी टेप सोसत न्हाई."

मी मान डोलवायचो आणि मनात हसायचो. आयुष्यभर कीर्तनांतून भेद खोटा, आतलं एकच खरं, असं ऐकत आलो होतो. आता ते मी स्वतः चाळीस ओळींत करून दाखवलं होतं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी स्वतःवर फार खूश होतो.

मग एका शनिवारी कुमुदताईंनी मला बोलावलं. गावभागातल्या एका देवळाचं ध्वनिमुद्रण होतं, आणि देवळाच्या भिंतीला लागून यंत्रमागाची शेड. आख्यानात ऐन करुण प्रसंगी, बुवांचा गळा दाटून आलेला, आणि मागे खटक-खटक, खटक-खटक.

"हे मुळापासून घालवा, हेर्लेकर. इथं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं, कापड विणून निघायला नको."

मी बसून साफ कमांडला नवं शिकवलं: एकसारख्या अंतरानं, मिनिटभराहून जास्त वेळ, धातूवर धातू आपटल्यासारखा जो आवाज पडत राहतो, तो माग समजावा आणि काढून टाकावा. लावून बघितलं. माग गेला, आख्यान राहिलं. कुमुदताईंनी डोळे पुसले आणि मला दोन खोबऱ्याच्या वड्या दिल्या.

कमांड एकच होती, हे मी वड्या खाता खाता विसरलो. आता सोपानरावांच्या खुर्चीत बसून दत्तूबुवांचं ते एकाकी कीर्तन ऐकताना ते आठवलं. एकसारख्या अंतरानं, मिनिटभराहून जास्त वेळ, धातूवर धातू. बावीस टाळकरी मी स्वतःच्या हातांनी यंत्रमाग म्हणून बाहेर काढले होते.

"सोपानराव," मी हेडफोन काढला, "कुमुदताई, तुम्हीही जरा इकडे येता का?"

"मी इथूनच ऐकते."

"इथून ऐकण्यासारखं नाही, ताई."

त्या कपाटाला वळसा घालून आल्या आणि सोपानरावांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं. कमांड एक आहे, पहिल्यापासून एकच होती. ताईंसाठी माग काढायला शिकवली आणि सोपानरावांच्या टेपांतून टाळ गेले. मूळ टेप शाबूत आहे, काळजी नको, पुन्हा करता येईल.

मग कुमुदताई वळल्या. सोपानरावही वळले. दोघं मिळून माझ्याकडे वळले.

"म्हणजे चार महिने तुम्ही आम्हाला फसवत होता?" ताई म्हणाल्या.

"तीस वर्सं मी मागावर जॉबर हुतो, साहेब, माग दुरुस्त करायचो. बिघडलेला माग नुसता ऐकून सांगायचो काय मोडलंय ते. माग आपटतो वो. टाळ बोलतो. तुमच्या कमांडला येवढं कळंना?"

"आणि मी 'माझी साफ, माझी साफ' करत होते, तेव्हा तुम्ही हसत होता. बघितलंय मी तुम्हाला हसताना."

"मीबी बगितलंय," सोपानराव म्हणाले.

नऊ वर्षांत या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. दुसऱ्या कुठल्या विषयावर झालं असतं तर मी पेढे वाटले असते.

खरी वाईट बातमी अजून पुढेच होती.

"एक आणखी आहे," मी म्हणालो. "मी हे रविवारी अध्यक्षांना सांगितलंय."

न्यासाचे नवे अध्यक्ष हिंदुराव चौगुले. त्यांची शहाण्णव मागांची शेड. माणूस सरळ, पण सगळ्याकडे शेडच्या नजरेनं बघणारा. न्यासाला दोन पगारी माणसं कशाला, हा प्रश्न त्यांनी आल्या दिवसापासून धरला होता, आणि येत्या शनिवारच्या बैठकीत एक जागा कमी करायची की नाही हे ठरणार होतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. तरी रविवारी देवळात कीर्तन संपल्यावर, हातात प्रसादाचा शिरा असताना, त्यांनी सहज विचारलं, "हेर्लेकर, त्या दोघांचं काम खरंच निराळं आहे का हो?" आणि मी, कीर्तनाच्या धुंदीत, छाती फुगवून म्हणालो, "निराळं? अहो, आत कमांड एकच आहे! मीच तशी लिहिलीय."

त्यांचा घास तोंडाशी थांबला. "म्हंजे एक माणूस दोन्ही चालवू शकतो?"

"कुणीही चालवेल."

"आमच्यात एक माणूस चार माग बघतो. हे तर दोनच झाले." त्याच संध्याकाळी त्यांनी प्रोग्रॅमची एक प्रत आणि काही टेपा आपल्या लॅपटॉपवर घालून घेतल्या. मी हौसेनं घालून दिल्या. चप्पल घालताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी कौतुक सांगितलं नव्हतं, एका माणसाची जागा घालवली होती. कोणत्या, एवढंच ठरायचं उरलं होतं.

हे सगळं ऐकून सोपानराव स्टुलावर बसले. कुमुदताईंनी उभ्या उभ्याच पदर खांद्यावर ओढून घेतला.

ताईंची आई अंथरुणाला खिळलेली. सोमवारी सोमवारी तिला दवाखान्यात न्यायला रिक्षात उचलून ठेवावं लागे. सोपानरावांची शेड बंद पडली होती, आणि पंचावन्नाव्या वर्षी जॉबरला कोण कामावर ठेवतो? दोघांनाही दुसरं दार नव्हतं, आणि दोघांनाही दुसऱ्याचं ठाऊक होतं. नऊ वर्षं कपाटापलीकडून सगळं ऐकू येतच होतं की.

"ताई," सोपानराव म्हणाले. थेट म्हणाले, मला 'त्यांना म्हणावं' असं सांगितलं नाही. "तुमचं काम मला जमायचं न्हाई."

ताईंनी टेबलावरचा हेडफोन उचलला, सोपानरावांच्या पडद्यावर साफ न केलेली मूळ टेप लावली आणि डोळे मिटून ऐकू लागल्या.

"टाळकऱ्यांतला एक जण घाईत आहे," त्या म्हणाल्या. "अर्ध्या मात्रेनं पुढे जातो, मग सावरून मागे येतो."

सोपानराव स्टुलावरून उठले. "रामू कुराडे. जल्मभर तसंच वाजवलं त्यानं."

"तर," ताईंनी हेडफोन खाली ठेवला, "मलाही तुमचं जमणार नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि हेर्लेकर, शनिवारी तुम्ही सांगायचं की कमांड वेगळ्या आहेत. एकमेकींशी काही संबंध नाही."

"पण ताई, ते खोटं आहे. मी... देवाच्या कामात खोटं कसं बोलू?"

"चार महिने बोलत होता की," त्या म्हणाल्या. "तेव्हा देव सुट्टीवर होता का?"

मी मनाची समजूत घातली ती अशी: शनिवारच्या आत कमांड खरोखरच वेगळ्या केल्या तर बोललेलं खोटं ठरणार नाही. शुक्रवारी दिवसभर बसून मी माझं ते सुंदर काम फोडलं. चारही कमांडची हुबेहूब नक्कल केली, एक संच या गटात, एक त्या गटात. वारकरी साफमधून तेवढा मागाचा भाग काढला. बाकी ओळ न् ओळ तीच. आमच्या धंद्यात याहून गबाळं काम नाही. कंपनीत कुणी असं केलेलं मी बघितलं असतं तर त्याला उभं करून विचारलं असतं. सोपानराव एका बाजूला, ताई दुसऱ्या बाजूला बसून माझ्यावर नजर ठेवून होते.

"सगळं उतरवा हं," ताई म्हणाल्या. "एकही ओळ सामाईक नको."

शनिवारी चार वाजता बैठक. हिंदुराव मध्ये, दोन्ही बाजूंना दोन विश्वस्त, दोघेही हिंदुराव मान हलवतील तिकडे मान हलवणारे. भिंतीला लागून ताई आणि सोपानराव, मध्ये एक रिकामी खुर्ची ठेवून.

"बोला हेर्लेकर. कमांड एकच हाय म्हणाला होता न्हवं?"

"नाही," मी म्हणालो. "वेगळ्या आहेत."

"रविवारी एक होती."

"रविवारी मी... चुकून बोललो."

हिंदुराव हसले. वाईट हसले नाहीत. शेडमधल्या कामगाराची सबब ऐकून हसावं तसं हसले. "बिचाऱ्यांची दया आली तुम्हाला. येऊ दे, माणूस चांगले आहात. पण ही बघा तुमचीच प्रत." त्यांनी लॅपटॉप उघडला. "मी दहावी नापास. माझ्यासारखा माणूस टाईप करून दाखवतो, मग तुम्हीच सांगा दोन माणसं कशाला पायजेत."

त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, 'वारकरी साफ ८८' टाईप केलं. बाजूच्या विश्वस्तांकडे वळून म्हणाले, "शहाऐंशी सालचं आमच्या गल्लीतलं कीर्तन. बापू, माझे वडील, टाळ धरून पहिल्या रांगेत. बापूंचे टाळ काशाचे, आजोबांच्या वेळचे. शंभरात ओळखू यायचे. बापू गेल्याला अकरा वर्सं झाली, आज ऐकू या."

मी सोपानरावांकडे बघितलं. सोपानरावांनी ताईंकडे. ताई छताकडे बघत होत्या.

काम संपलं. हिंदुरावांनी आवाज मोठा केला.

बुवांचा आवाज सुरेख आला. लख्ख. चरण संपला, बुवा थांबले. कुणीच आलं नाही. बुवा पुढे गेले, पुन्हा थांबले, पुन्हा कुणी नाही. हिंदुरावांनी आवाज आणखी वाढवला. वाकून कान लॅपटॉपला लावला. पन्नाशीचा, शहाण्णव मागांचा मालक, टेबलावर पालथा पडून त्या मोकळ्या जागेत काहीतरी शोधत होता.

"बापू कुठायत?" ते म्हणाले.

मग सोपानराव उठले.

"मागाबरुबर गेले, अध्यक्ष. या कमांडीला माग न् टाळ एकच वाटतोय."

"म्हंजे मी पुसले? मी, या बोटानं?"

"न्हाई न्हाई. मूळ टेप माझ्याकडं हाय. मी आणतो."

त्यांनी धावत जाऊन ती आणली, जुन्या टेपरेकॉर्डरवर लावली. खरखर, कुणाचा तरी खोकला, लांबवर एक कुत्रं. चरण संपला, आणि टाळ आले. सगळी खोली भरून गेली. हिंदुरावांनी हात वर केला, "हे! हे ऐका!" आणि त्या कल्लोळात एक टाळ खरोखरच वेगळा वाजत होता, थोडा खोल, थोडा उशिरापर्यंत रेंगाळणारा. हिंदुरावांची बोटं टेबलावर त्याच्याबरोबर पडत राहिली. टेप संपली तरी पडत होती.

"हेर्लेकर," टेपरेकॉर्डर बंद करत ते म्हणाले, "म्हणजे एकीनं दोन्हीचं भागत न्हाई. तुम्ही मघाशी खरंच बोलत होता. वेगळ्या आहेत."

मी खोटं बोलायला आलो होतो. ते खरं निघालं. एकच कमांड दोघांना पुरेल हे जे मी चार महिने छातीला लावून फिरत होतो, तेच चुकीचं होतं.

"अध्यक्ष," कुमुदताई उठल्या, "म्हणूनच म्हणते, हे माझं काम नाही. मला तर टाळ आणि माग सारखेच ऐकू येतात. मी असते तर बापूंना केव्हाच साफ करून टाकलं असतं."

अर्ध्या मात्रेनं पुढे जाणारा रामू कुराडे जिनं एका झटक्यात पकडला, ती बाई किती निर्मळ चेहऱ्यानं बोलत होती!

"आन् मला," सोपानराव म्हणाले, "त्यांच्यातलं पूर्वरंग कुटं सपला न् आख्यान कुटं लागलं, ते आजून कळत न्हाई."

त्यांच्या टेबलापर्यंत कपाटापलीकडून नऊ वर्षं आख्यानं येत होती. तोंडपाठ होती त्यांना. जेवताना गुणगुणायचे. देवाच्या कामात खोटं कसं बोलू म्हणून मी चार दिवस जेवलो नव्हतो. या दोघांना चहा पिण्याइतकाही त्रास झाला नाही.

हिंदुरावांनी ठराव सांगितला. मी लिहून घेतला: दोन्ही जागा कायम ठेवाव्यात. दोन्ही विभागांच्या कमांड कायम स्वतंत्र असाव्यात. एका विभागाच्या माणसाने दुसऱ्या विभागाच्या कामाला हात लावू नये.

"हात म्हंजे हात," हिंदुराव म्हणाले. "बापूंच्या टेपीला सोपानरावांशिवाय कुणी शिवायचं न्हाई. ताई, चालेल न्हवं?"

"आनंदानं," ताई म्हणाल्या.

मी कोल्हापूरला परतलो. वर्षातून एकदोनदा जाऊन प्रोग्रॅमची डागडुजी करायचो. दर वेळी गबाळ्या दुहेरी कमांड बघून जीव कळवळायचा. एका ठिकाणी काही बदललं की तेच दुसऱ्या ठिकाणी जाऊन बदलायचं. कपाट जिथल्या तिथं होतं. दोघं आपापल्या टेबलाशी. एकमेकांना 'नमस्कार' म्हणायचे एवढा फरक पडला होता.

सहा वर्षांनी हिंदुरावांचा फोन आला. नव्या विश्वस्तांना अहवाल हवा होता: कोणत्या विभागात किती टेपा झाल्या, कोणत्या दिवशी, कोणत्या संगणकावरून. "ठराव पाळला जातोय हे एकदा कागदावर येऊ दे," ते म्हणाले. "काय हाय, नवी माणसं परत तोच प्रश्न काढतात."

प्रत्येक साफ कमांडमध्ये मी एक ओळ पहिल्यापासून घातली होती. कमांड कोणत्या दिवशी आणि कोणत्या संगणकावरून चालली, ते ती एका फायलीत लिहून ठेवायची. फाईल मी कधी उघडलीच नव्हती. त्या दिवशी उघडली आणि चहा गार झाला तरी वाचत बसलो.

दर एकादशीला वारकरी साफ कुमुदताईंच्या संगणकावरून चालली होती. दर सोमवारी नारदी साफ सोपानरावांच्या. एक वर्ष नव्हे, सहा वर्षं. ठराव झाला त्याच्या पुढच्याच सोमवारपासून.

मी इचलकरंजीला गेलो. वार सोमवार. ताईंची खुर्ची रिकामी. सोपानराव आपल्या टेबलाशी बसले होते, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. पडद्यावर 'नारदी साफ ९०२'. माझी चाहूल लागल्यावर दचकून उठले.

"ते... धूळ पुसत हुतो, साहेब."

"कानानं?"

ते ओशाळून हसले. "आईला दवाखान्यात न्यावं लागतंय वो त्यांना. रजा कशाला खर्ची घाला? आन् एकादशीला मी भजनाला जातो, तवा त्या बघतात. बापूंची टेपबी त्यांनीच पुरी केली. माझ्यापेक्षा बरी केली." मग घाईनं, "पर आपन काय कमांड एक केली न्हाई हां. त्यांची त्यांची, माजी माजी. ठराव मोडलेला न्हाई."

"हात लावू नये असं होतं ठरावात."

"मग," सोपानराव म्हणाले, "अहवालात घालनार काय?"

मी कुमुदताईंच्या खुर्चीत बसलो. अहवालात फक्त विभागवार आकडे घातले. वार आणि संगणक हे दोन्ही रकाने उडवले. फाईल रिकामी केली. पण ती ओळ तशीच राहिली असती तर पुढच्या सोमवारी पुन्हा लिहायला लागली असती. म्हणून मी प्रोग्रॅम उघडला, नारदी साफमध्ये गेलो, ती ओळ पुसली आणि बंद करून उठलो.

"झालं?" सोपानरावांनी विचारलं.

झालं म्हणणारच होतो. मग आठवलं, आणि पुन्हा बसलो. ओळ एकच होती. पण ठरावाप्रमाणे सगळं वेगळं असल्यामुळे ती वारकरी साफमध्ये जाऊन मला दुसऱ्यांदा पुसावी लागली.